पॅनेलचा पत्रा एवढ्यात कापू नका

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचला, सोबतचा आराखडाही मोठा करून नीट पाहिला. ज्यांना मूळ प्रश्न माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे गृहस्थ नागपुरात किटमधून दोन आसनी, वर पंख असलेलं, पूर्ण ॲल्युमिनियमचं विमान बांधत आहेत. इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस. दोन्ही सीटांच्या मधोमध एकच स्टिक (विमान वळवायचा दांडा) आणि पॅनेलच्या दोन्ही टोकांना एकेक थ्रॉटल (इंजिनची ताकद कमीजास्त करायची मूठ). बेत असा की दहा इंची दोन स्क्रीन लावायच्या, त्यांच्यामध्ये रेडिओ आणि ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र), शिवाय ऑटोपायलट, आणि काट्याचं एकही इन्स्ट्रुमेंट नको. पाइप कमी लागावा म्हणून इंधनाचा कॉक (कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारी तोटी) सीटच्या मागे नेला आहे. हिंगणा एमआयडीसीतल्या लेझर कटिंगवाल्याशी बोलणं झालंय, स्क्रीनवर सध्या सूट आहे. मांडणी बरोबर आहे का आणि ऑर्डर देऊ का, असं ते विचारतात.

ऑर्डर देऊ नका, आणि पत्राही कापू नका. कारण सविस्तर सांगतो.

तुम्ही उपकरणांची यादी केली आणि ती पॅनेलच्या चौकटीत बसवली. ती बसलीही छान. पण पॅनेलवर कुठली वस्तू कुठे बसते त्याच्या आधी दुसरे प्रश्न येतात. उड्डाणाच्या कुठल्या टप्प्यात मला काय दिसायला हवं? तेव्हा माझा कुठला हात मोकळा असेल? आणि यातलं एखादं बंद पडलं तर माझ्याकडे काय उरेल? या तिन्हींची उत्तरं कागदावर आली की मांडणी बरीचशी आपोआप ठरते. छोट्या विमानांची इन्स्ट्रुमेंट्स आणि वायरिंग हेच माझं काम आहे. देखणी पण चालवायला त्रासदायक अशी जी पॅनेलं माझ्यासमोर येतात, त्यातली बहुतेक यादीपासून सुरू झालेली असतात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मी इथे बसून ठरवू शकत नाही. तुम्ही कुठून उडणार? नागपूरच्या सोनेगाव विमानतळाभोवतीचं आकाश नियंत्रित आहे, शिवाय वायुसेनाही तिथेच आहे. तिथे चांगला रेडिओ आणि ट्रान्सपॉन्डर यांत तडजोड नाही. एखाद्या दूरच्या खाजगी धावपट्टीभोवतीच फिरणार असाल तर गणित बदलतं. फक्त दिवसा आणि स्वच्छ हवेत उडणार असाल तर निम्मं ओझं कमी होतं, आणि मी पुढे तसंच गृहीत धरलंय. नियमांचं म्हणाल तर १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. घरी बांधलेल्या विमानात किमान कोणती उपकरणं हवीत ते डीजीसीएकडून (नागरी विमान वाहतुकीचं सरकारी खातं) तुमच्या विमानापुरतं लेखी घ्या. रेडिओसाठी वायरलेसची परवानगी वेगळी लागते, तेही आत्ताच विचारा. ही पत्रं हातात येण्याआधी कापलेला पत्रा अनेकदा दुसऱ्यांदा कापावा लागतो.

आता हातांबद्दल. तुमच्या आराखड्यातली सगळ्यात मोठी अडचण मला इथेच दिसते.

स्टिक मधोमध आहे. तुम्ही डाव्या सीटवर बसलात की उजवा हात स्टिकवर आणि डावा हात थ्रॉटलवर. रेडिओ ठेवलाय पॅनेलच्या बरोब्बर मध्यभागी. म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलायला एक तर उजवा हात स्टिकवरून काढा, नाहीतर डावा हात थ्रॉटलवरून काढून छातीसमोरून आडवा न्या. सपाट उड्डाणात हे चालून जातं. पण टॉवरने दुसरी फ्रिक्वेन्सी दिली, खाली तापलेल्या जमिनीवरून थर्मल येताहेत, विमान उसळतंय, अशा वेळी दोन्ही पर्याय वाईट. प्रशिक्षण विमानांत रेडिओ मध्ये असतो कारण तिथे डाव्या सीटवरचा पायलट डाव्या हाताने विमान धरतो आणि उजवा हात मोकळा राहतो. ती मांडणी तुमच्या विमानाला लागू होत नाही. तुमचा रेडिओ मुख्य स्क्रीनच्या डावीकडे, थ्रॉटलच्या जरा वर यायला हवा. बोलायचं बटण स्टिकच्या टोकावर. फ्लॅप (उतरताना खाली करायच्या पंखांच्या मागच्या झडपा) विजेचे असतील तर त्यांचा स्विचही डाव्या हाताच्या कक्षेत. उजव्या सीटवर प्रशिक्षक बसणार असेल तर त्याला रेडिओ लांब पडेल, हे मला मान्य आहे. बहुतेक तास तुम्ही एकटे उडणार असाल तर ती गैरसोय पत्करा.

इंधनाच्या कॉकबद्दल मी जरा आग्रहाने बोलतो. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात माँटेरे बे इथे गायक जॉन डेन्व्हर याचं लाँग-ईझी जातीचं घरी बांधलेलं विमान समुद्रात पडलं आणि तो गेला. मूळ नकाशात इंधनाचा कॉक पायलटच्या दोन पायांमध्ये होता. ज्याने ते विमान बांधलं त्याने तो डाव्या खांद्याच्या मागे नेला होता. तो फिरवायचा तर पट्ट्यात बसल्या बसल्या अंग वळवावं लागे, आणि तसं वळताना उजव्या रडरवर (विमानाचं नाक वळवणाऱ्या पेडलवर) पाय दाबला जाण्याची शक्यता होती. तपासात नेमकं हेच पुढे आलं. इंधनाचे गेजही मागे होते, सीटवरून नीट दिसत नव्हते. कॉक फिरवायला जडही होता. तुमचा कॉक सीटच्या मागेच आहे. पाइप दीड मीटर जास्त लागला तरी चालेल, पण तो समोर आणा. नजर समोर ठेवून हात पोचेल असा, आणि कुठली टाकी चालू आहे हे मुठीच्या दिशेवरूनच कळेल असा.

हे सगळं तपासायला पैसे लागत नाहीत. जाड पुठ्ठ्याचं पूर्ण आकाराचं पॅनेल करा. प्रत्येक उपकरणाचं पुढचं चित्र खऱ्या मापात छापून टाचणीने लावा. विमानात तीच उशी, तेच पट्टे घट्ट बांधून बसा, हेडसेट घाला. मग घरातल्या कुणाला तरी बाजूला बसवून एकेक नाव पुकारायला सांगा: पंप, मास्टर (विजेचा मुख्य स्विच), इग्निशन, फ्लॅप, कॉक. डोळे मिटून हात न्यायचा. अंधारात आपल्या घरातल्या दिव्याचं बटण जसं हाताला सापडतं तसे हे सापडले पाहिजेत. जे सापडत नाही त्याची टाचणी काढून जागा बदला. डोळे मिटून कॉकपिट ओळखण्याची ही परीक्षा लष्करी वैमानिकांना पूर्वापार द्यावी लागते. आठवडाभर पुठ्ठा तसाच ठेवून रोज थोडा वेळ बसा, पहिल्या दिवशी आवडलेलं चौथ्या दिवशी खटकतं.

आता तिसरा प्रश्न, काय उरेल. एक कागद घ्या, डाव्या रकान्यात प्रत्येक उपकरण आणि उजव्या रकान्यात 'हे गेलं तर मी काय बघणार' ते लिहा. तुमच्या आराखड्यात दोन स्क्रीन आहेत म्हणजे एकीला दुसरी पर्याय, असं तुम्ही लिहिलंय. पण दोन्हींना वीज एकाच बसमधून (वीज वाटणाऱ्या पट्टीतून), दोन्हींना हवेचा दाब एकाच पिटोतून (वेग मोजायच्या बाहेरच्या नळीतून) आणि दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या. मुख्य वायरचा एक लग (टोकाची धातूची कडी) ढिला झाला की दोन्ही एकदम काळ्या. याला पर्याय म्हणत नाहीत. खरा पर्याय म्हणजे वेगळ्या तत्त्वावर चालणारी वस्तू: विजेशिवाय चालणारा काट्याचा एअरस्पीड (वेगमापक), काट्याचा अल्टिमीटर (उंचीमापक) आणि द्रवात तरंगणारा कंपास. या तीन गोष्टींवर दिवसा, स्वच्छ हवेत कुठलंही हलकं विमान घरी आणता येतं. दोन्ही डायल सव्वादोन इंची घेतले तर जागाही फार खात नाहीत. माझा सल्ला असा की डावीकडे दहा इंची एकच स्क्रीन ठेवा, तिच्या शेजारी हे दोन डायल आणि उजवीकडे दुसऱ्या स्क्रीनच्या जागी नुसतं स्क्रूने लावलेलं कोरं झाकण. पुढे गरज वाटली तर ते काढून हवं ते लावा. ऑटोपायलटचंही तेच, ब्रॅकेट आणि वायर आत्ता टाका, सर्व्हो (विमान वळवणाऱ्या त्याच्या मोटारी) नंतर.

डायल घेताना दोन गोष्टी बघा. आपल्याकडे टॉवर क्यूएनएच (अल्टिमीटर जुळवायचा हवेचा दाब) हेक्टोपास्कलमध्ये सांगतो, त्यामुळे अल्टिमीटरची खिडकी हेक्टोपास्कलची हवी. पाऱ्याच्या इंचांची खिडकी असलेले डायल स्वस्तात मिळतात आणि मग डोक्यात रूपांतर करत बसावं लागतं. एअरस्पीड नॉट्सचा घ्या आणि त्याची कमाल मर्यादा तुमच्या विमानाला शोभेल अशी ठेवा. तुमचं विमान संथ आहे. २०० नॉट्सपर्यंतच्या डायलवर तुमचा सगळा कारभार पहिल्या अर्ध्या वर्तुळात उरकेल, स्टॉल (ज्याखाली पंख विमान पेलत नाहीत तो वेग) आणि ॲप्रोच (उतरायला येतानाचा वेग) यांतला फरक काट्याच्या दोन जाडींएवढा दिसेल. वेगाच्या मर्यादा दाखवणारे पांढरे, हिरवे, पिवळे पट्टे आणि लाल रेघ सुरुवातीला डिझायनरच्या आकड्यांप्रमाणे काचेवर लावा, काच आणि चौकट यांच्यावरून एक पांढरी रेघ ओढा म्हणजे काच सरकली तर कळेल. चाचणी उड्डाणांत तुमच्या विमानाचे स्वतःचे वेग कळले की पट्टे पक्के करा.

विजेकडे वळू. रोटॅक्स ९१२ चा अंगचा जनरेटर पूर्ण फेऱ्यांवर सुमारे २५० वॅट, म्हणजे साधारण १८ अँपिअर देतो. टॅक्सी करताना याहून बराच कमी. तुमच्या यादीची बेरीज मी अंदाजे केली: दोन स्क्रीन ५, ऑटोपायलट २, रेडिओ बोलताना २, ट्रान्सपॉन्डर १, लँडिंग लाइट ३, स्ट्रोब आणि नेव्हिगेशन लाइट ३, विजेचा इंधन पंप २, फोन-टॅबलेट चार्जिंग २. झाले २० अँपिअर. जनरेटर देतो त्याहून जास्त, आणि बॅटरी भरायला काहीच शिल्लक नाही. सगळं एकदम चालू नसतं हे खरं, पण ॲप्रोचला बरंचसं असतंच, आणि तेव्हाच इंजिनच्या फेऱ्या कमी असतात. प्रत्येक उपकरणाच्या मॅन्युअलमधला खरा आकडा घालून ही बेरीज पुन्हा करा आणि सततचा भार १३-१४ अँपिअरच्या आत आणा. जनरेटर गेला तर काय, हेही त्याच कागदावर मांडा. एक स्क्रीन, रेडिओ ऐकण्यापुरता आणि ट्रान्सपॉन्डर मिळून ४ अँपिअर धरले आणि १२ अँपिअर-तासाच्या बॅटरीतले निम्मेच हाताशी आहेत असं मानलं, तर दीड तास मिळतो. घरी यायला पुरतो. तुमच्या इंजिनाचं इग्निशन बॅटरीवर अवलंबून नाही, मास्टर बंद केला तरी ते चालत राहतं, हा या इंजिनाचा मोठा आधार आहे. पण त्याची दुसरी बाजू लक्षात ठेवा: इग्निशन बंद होतं ते स्विचने त्याची वायर अर्थिंगला जोडल्यावर. स्विचची वायर तुटली तर इग्निशन चालूच राहतं. प्रॉपेलरला हात लावताना स्विच बंद दिसतोय यावर कधीही विसंबू नका.

फ्यूज आणि ब्रेकर उपकरणासाठी नसतात, वायरसाठी असतात. २२ गेजच्या वायरला ५ अँपिअर, २० ला साडेसात, १८ ला १०, हा धरून चालायचा हिशोब (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड). उड्डाणात उडालेला ब्रेकर पुन्हा दाबायचा मोह टाळायचाच असतो, म्हणून पॅनेलवर ब्रेकरची रांग लावण्यापेक्षा खाली साधा ब्लेड फ्यूजचा ब्लॉक लावा. जागा वाचते. वायर टेफझेलचीच (उष्णता सोसणाऱ्या आवरणाची) घ्या. मोटारीच्या दुकानातली पीव्हीसी वायर जळली की तिचा धूर बंद केबिनमध्ये श्वास घेऊ देत नाही. सगळ्या अर्थिंगच्या वायर एकाच ठिकाणी आणा, हेडसेटमधली अर्धी खरखर तिथेच थांबते.

आता आपल्या नागपूरचं. परदेशी बांधणाऱ्यांचे सल्ले वाचताना ही गोष्ट त्यात सापडत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि उन्हात उभ्या विमानाच्या बंद केबिनमध्ये पॅनेलच्या मागची हवा त्याहून कितीतरी तापते. स्क्रीन घेण्याआधी तिच्या मॅन्युअलमध्ये चालण्याचं तापमान आणि ठेवण्याचं तापमान हे दोन्ही आकडे वेगवेगळे वाचा. पॅनेलमागे छोटा पंखा आणि वरच्या बाजूला गरम हवा निघायला वाट ठेवा. दुकानाच्या सावलीत स्क्रीन छान दिसते, ती भर दुपारी बाहेर आणून बघा, आणि तुमचा गॉगल घालून बघा. पोलराइज्ड गॉगलमधून काही स्क्रीन एका कोनात पूर्ण काळ्या दिसतात. पॅनेलचा रंग मॅट गडद राखाडी, चकाकणारा मुळीच नको. जनरेटरचा रेग्युलेटर उष्णतेला नाजूक असतो, त्याला इंजिनाच्या झळेपासून दूर, थंड हवा मिळेल असा बसवा.

उष्णतेचा परिणाम मांडणीवरही होतो. सोनेगावची उंची हजार फुटांच्या थोडी वर, पण ४५ अंशांना तिथली हवा ५ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. धावपट्टी जास्त लागते, चढण मंदावते, आणि नेमकं तेव्हा इंजिन सगळ्यात जास्त तापतं. म्हणून बाहेरच्या हवेचं तापमान, तेलाचं तापमान आणि कूलंटचं तापमान हे आकडे स्क्रीनच्या कोपऱ्यात दुसऱ्या पानावर न ठेवता चढताना नजर जिथे असते तिथे, वरच्या कडेला घ्या. या इंजिनात तेल ५० अंशांना पोचेपर्यंत पूर्ण ताकद द्यायची नाही, ९० ते ११० ही रोजची जागा आणि १३० ही कमाल मर्यादा. तेलाच्या दाबासाठी स्क्रीनखेरीज एक स्वतंत्र लाल दिवा लावा, स्वतःच्या सेन्सरचा, थेट डोळ्यांसमोर.

कंपासला पॅनेलपासून जमेल तेवढं दूर, विंडशील्डच्या वर मध्ये टांगा. नागपुरात चुंबकीय व्हेरिएशन (खरी उत्तर आणि कंपासची उत्तर यांतला फरक) जवळजवळ नाहीच, त्यामुळे कंपास जी चूक दाखवेल ती तुमच्या विमानाची. आसपास पितळी किंवा चुंबकाला न चिकटणारे स्क्रू वापरा, जवळून जाणाऱ्या वायरींच्या जोड्या एकमेकींभोवती पिळून घ्या. फोनचा चुंबकी होल्डर पॅनेलवर लावू नका, तो एकटा कंपासला कित्येक अंश फिरवतो. सगळी उपकरणं बसल्यावर इंजिन आणि रेडिओ चालू ठेवून दर ३० अंशांवर वाचन घ्या, तक्ता करून लावा.

पिटो आणि स्टॅटिकच्या (बाहेरच्या स्थिर हवेचा दाब आणणाऱ्या) नळ्या दोन वेगळ्या रंगांच्या घ्या. सगळ्यात खालच्या बिंदूला पाणी काढायची सोय ठेवा, पावसाळ्यात लागते. पॅनेलमागे हाताला लागेल असा एक टी-जॉइंट सोडा. स्टॅटिकला हळूच शोषण देऊन अल्टिमीटर हजार फूट वर न्या आणि नळी बंद करा. एका मिनिटात तो १०० फुटांपेक्षा जास्त खाली आला तर गळती आहे. विमान उभं असताना पिटोला झाकण घालाच. कुंभारीण माशी दोन दिवसांत त्यात मातीचं घर करते.

पत्र्याचं शेवटी. पॅनेलची चौकट विमानाच्या रचनेचा भार घेते का हे किटवाल्यांना विचारा. घेत असेल तर चौकटीला हात लावायचा नाही, फक्त आतला पत्रा तुमचा. पॅनेल एकच सलग करू नका. डावा, मधला आणि उजवा असे तीन तुकडे करा, प्रत्येक स्क्रूने निघणारा, मागे कनेक्टर आणि वायरीला हातभर ढील, म्हणजे एक उपकरण काढायला उलटं झोपावं लागणार नाही. रेडिओची खोली मोजताना कनेक्टर आणि वायरीचं वळण धरूनच मोजा. हिंगण्याला तीच ड्रॉइंग फाइल देऊन पहिल्यांदा एमडीएफमध्ये (दाबलेल्या लाकडाच्या फळीत) कापून घ्या आणि खरी उपकरणं बसवून बघा. कॅटलॉगमधल्या मापावर पत्रा कापू नका.

स्क्रीनवरच्या सवलतीबद्दल. इलेक्ट्रॉनिक्स सगळ्यात शेवटी घ्यायचं. वॉरंटी खरेदीच्या दिवसापासून सुरू होते, आणि विमान उडेपर्यंत स्क्रीनचं नवं मॉडेल आलेलं असतं. आज पैसे घालायचेच असतील तर चांगलं क्रिम्पिंग टूल (वायरीला टोक दाबून बसवायचं अवजार), टेफझेल वायर आणि कंपास यांत घाला. पुठ्ठ्याचं पॅनेल झालं की पट्टे बांधून बसल्यावर डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला फोटो टाका, सोबत अँपिअरचा तक्ता. मग स्क्रीन कुठली घ्यायची ते बोलू.